खोलीचं भाडं घेतो, तर माणसांचीही नोंद घ्या

इंद्रायणीकाठ:
चाकण एमआयडीसीलगत आमचं गाव. जमिनी गेल्या तशा बहुतेकांनी भाड्याच्या खोल्या काढल्या, आमच्याही आहेत. दहा बाय दहा, वर पत्रा, आत बिहार-ओडिशाकडचे पाच-सहा जण. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच अंथरुणावर आडवा होतो. आता बरेच जण बायकापोरंही घेऊन आलेत. माझं म्हणणं सरळ आहे : ज्या गावाची चूल या भाड्यावर पेटते, त्या गावाने या माणसांना आपल्यात धरलं पाहिजे. पोरं शाळेत जावीत, नावं ग्रामपंचायतीच्या नोंदीत यावीत. 'एक देश, एक रेशनकार्ड'मुळे त्यांच्या गावच्या कार्डावर इथेही धान्य मिळतं, पण हे त्यांना सांगायला कुणी जात नाही. निदान तेवढं तरी आपण करू. पटतंय का?

काळीमाती:
नाही पटत. भाडं खोलीमालकाच्या खिशात जातं आणि पाणी सगळ्या गावाचं. आमच्या वाडीत एका घरपट्टीवर चाळीस माणसं राहतात. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी आला तो 2011च्या जनगणनेवर, म्हणजे ही माणसं कागदावर नव्हतीच. उन्हाळ्यात टँकरपाशी हंडे घेऊन आमच्या बायका उभ्या असतात, त्यांना हे 'आपल्यात धरणं' समजावून सांगा.
दुसरं, आमच्या पोरांना कंपनीच्या गेटवर पत्ता विचारतात आणि तालुक्यातला निघाला की 'नंतर कळवतो'. 80 टक्के स्थानिकांचं सरकारी धोरण कागदावरच.

खडूफळा:
मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. गेल्या जूनमध्ये नऊ वर्षांची एक मुलगी आली. दाखला नाही, आधार गावाकडे राहिलेलं. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने कागदासाठी अडवता येत नाही, वयानुसार वर्गात बसवायचं असतं. बसवली, पण तिला अक्षरओळखही नव्हती. मराठी ती माझ्यापेक्षा लगोरीच्या डावात जास्त शिकली. छठला कुटुंब गावी गेलं ते संक्रांतीनंतर परतलं. मधल्या काळात 'पटावरून नाव काढा' असं मला दोघांनी सुचवलं, मी काढलं नाही. आज ती उपकेंद्रात सिस्टरना धाकट्या भावाच्या लशीची तारीख विचारते, मराठीत. यात गावाचा एक रुपया गेला नाही. काळीमातीदादा, निधीचा मुद्दा मात्र मला शंभर टक्के मान्य. दोन वर्गांना मिळून मी एकटी आहे.

कॅम्पनंबरचार:
आमचं घराणं फाळणीत सिंधमधून कल्याणच्या लष्करी छावणीत आलं. बराकीत पडदे लावून संसार मांडले होते. 1949मध्ये तिथे उल्हासनगर वसवलं गेलं. आम्हीही तेव्हा उपरेच होतो. आजोबा आसपासच्या गावांत फिरून कापड विकायचे, त्यातच मराठी बोलायला लागले. कुणीतरी दारात उभं केलं, म्हणूनच ना?

काळीमाती:
मान आहे तुमच्या आजोबांना. पण तिथे बराकी सरकारने दिल्या, पुनर्वसनाचं खातं होतं. इथे कंपनी हात झटकते, ठेकेदार तर भेटतच नाही, आणि निस्तरायचं कुणी? ग्रामसेवकाने?

गिरणगावचा:
माझे वडील कोकणातून परळला आले ते गावकरी मंडळाच्या खोलीत. वळकटी ठेवायला जागा, खानावळीत महिन्याचं जेवण आणि गिरणीत बदलीवर लावून देणारा गाववाला, तिन्ही गोष्टी मिळाल्या. सरकार कुठेच नव्हतं. पण हेही खरं, की आधार देणारे गाववालेच होते. परक्याला एवढं कोण देतं?

इंद्रायणीकाठ:
काळीमाती, गेटवरचा अपमान मी माझ्या चुलतभावाच्या बाबतीत पाहिलाय, त्यावर वाद नाही. पण तो करतो ठेकेदार. त्याला असा माणूस हवा असतो जो तक्रार करणार नाही, कारण त्याला इथे कुणी विचारत नाही. स्थानिकाइतकीच मजुरी परराज्यातल्या मजुराला द्यायची, हे 1979च्या कायद्यातच लिहिलं होतं. ते पाळलं असतं तर बाहेरचा माणूस स्वस्त पडलाच नसता. तो एकटा राहिला की तुमच्या पोराचीही मजुरी पडते.
आणि पाण्यासाठीच तर नोंद हवी. नोंद नसेल तर वाढीव योजना कुठल्या आकड्यावर मागणार? घरपट्टी खोलीगणिक लावा, त्यातला वाटा पाण्यालाच बांधा. सुरुवात आमच्या चाळीपासून करा.

काळीमाती:
हे ग्रामसभेत बोलाल? समोर निम्मे खोलीमालकच बसलेले असतात.

इंद्रायणीकाठ:
15 ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय लेखी देतोय. वडिलांना सांगितलंय, ते चिडलेत.

काळीमाती:
मग पाणी पहिल्या क्रमांकावर घ्या, शाळा-रेशन त्यानंतर. असा ठराव असेल तर अनुमोदन माझं. मतदारयादीत नावं घालायचा विषय त्यात घुसवलात तर मात्र विरोधात उभा राहीन.