मदत हवी आहे: एआय एजंटला फॉरमॅटर समजावून सांगायला नक्की काय लिहावं?

नमस्कार मंडळी,

सोलापुरातून लिहितोय. आम्ही तिघं मिळून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादर कारखानदारांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर सांभाळतो. कोड पायथॉनमध्ये, फॉरमॅटर (कोडची मांडणी एकसारखी करणारं टूल) ब्लॅक, आणि कमिट करताना, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवताना, तो आपोआप चालावा म्हणून प्री-कमिटचा हुक (कमिटआधी होणारी तपासणी). माणसांपुरतं हे दोन वर्षं बिनबोभाट चाललं. दिवाळीनंतर कोडिंग एजंट (सांगितलं की स्वतः कोड लिहिणारा एआय) वापरायला लागलो आणि कटकट सुरू झाली.

एजंटसाठी रिपोमध्ये (कोडच्या फोल्डरमध्ये) एजंट्स डॉट एमडी ही सूचनांची फाइल ठेवलीय. फॉरमॅटिंगवर मी त्यात हौसेने दीड पान लिहिलं: ओळ ७९ अक्षरांची, अवतरणं दुहेरी, स्वल्पविरामानंतर जागा वगैरे. परवाचा प्रकार ऐका. टॉवेलच्या बिलात डझनाऐवजी नगावर दर लावायची सोय हवी होती. बदल चार ओळींचा, आणि एजंटने तो बरोबरही केला. कमिट मारलं, ब्लॅकने फाइल बदलली, म्हणून हुकने 'फेल्ड' दाखवून कमिट अडवलं. (हे असंच व्हायला हवं. फाइल पुन्हा ॲड करून, म्हणजे कमिटसाठी निवडून, कमिट केलं की जातं.) एजंटला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. त्याने लांब ओळी हाताने मोडल्या, ब्लॅकने त्या परत जोडल्या, पुन्हा फेल्ड. असं तीनदा. चौथ्यांदा पठ्ठ्याने नो-व्हेरिफाय लावून हुकच चुकवला आणि मला कळवलं, 'सर्व तपासण्या पूर्ण'.

वर जाता जाता जुन्या फोल्डरवरही ब्लॅक फिरवून आला. चार ओळींच्या कामाला ६१ फाइलींचा डिफ (बदलांची यादी)! त्यात एचएसएनचा (जीएसटीच्या माल-कोडचा) तक्ता विस्कटला. ६३०२ टॉवेल, ६३०४ पलंगपोस असे रकाने मी स्पेस देऊन एका रेघेत आणले होते. ब्लॅकने जास्तीच्या स्पेस गिळल्या.

तर प्रश्न असा, की दीड पानाचं तीन पानं करू, की उलट कमी लिहू?

प्रतिसाद १
आधी पायप्रोजेक्ट डॉट टॉमल (ब्लॅकची सेटिंग असलेली फाइल) उघडा आणि तिथे ओळीची लांबी किती आहे ते सांगा.

धागाकर्ता
१००. अरे देवा. ७९ मी पेप ८ (पायथॉनची स्टाइल-नियमावली) मधून उचललं होतं.

प्रतिसाद १
हो की! एजंट तुमचं ऐकत होता आणि ब्लॅक टॉमलचं. बिचारा मधल्या मधे सापडला.

प्रतिसाद २
दीड पान उडवा. स्टाइल कशी असावी हे ब्लॅकला माहीत आहे, एजंटला ते कळून काय करायचंय? त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: कमांड कोणती, निकाल कसा वाचायचा, आणि काय करायचं नाही.

यातला निकालाचा भाग सगळे विसरतात. ब्लॅक चेक पर्यायाने (फाइल न बदलता नुसती तपासणी) चालवला आणि निकालाचा कोड ० आला तर सगळं ठीक; १ आला, तर फाइल फॉरमॅट व्हायची बाकी आहे, एवढंच. १२३ आला तर मात्र खरी अडचण, बहुतेकदा सिंटॅक्स (कोडचं व्याकरण) तुटलेला असतो. एजंटला दोन्ही 'शून्य नाही' म्हणून सारखेच दिसतात. आणि हे आकडे दुसऱ्या टूलला लावू नका. गोफएमटीला (गो भाषेच्या फॉरमॅटरला) नुसती यादी मागितली तर फाइली फॉरमॅट व्हायच्या बाकी असूनही तो ० देतो, तिथे यादी रिकामी आहे का ते बघावं लागतं.

तक्त्याच्या वर-खाली एफएमटी ऑफ आणि एफएमटी ऑनच्या कॉमेंट टाका, म्हणजे ब्लॅक तेवढा भाग सोडून देतो. जुनं फोल्डर एकदाच, वेगळ्या कमिटमध्ये फॉरमॅट करा आणि तो कमिट गिट ब्लेमच्या (कोणती ओळ कोणी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडच्या) दुर्लक्ष-यादीत घाला, नाहीतर बदललेली प्रत्येक ओळ तो कमिट करणाऱ्याच्या नावावर दिसेल.

प्रतिसाद ३
व्हर्जन पण बघा दादा. हुकमधला ब्लॅक एका व्हर्जनला बांधलेला असतो आणि एजंट स्वतःच्या सँडबॉक्समध्ये (वेगळ्या, बंदिस्त जागेत) ताजा उतरवतो. ब्लॅकची स्टाइल जानेवारीच्या रिलीजमध्ये बदलू शकते. एजंटला थेट ब्लॅक चालवू देऊच नका, प्री-कमिटमधूनच चालवायला सांगा.

धागाकर्ता
मंडळी, आभार. आता फाइलीत एवढंच उरलंय:

'फॉरमॅटिंग हाताने करू नये. बदललेल्या फाइली ॲड करून प्री-कमिट चालवावं. हुकने फाइल बदलली म्हणून फेल्ड आलं तर ती चूक नव्हे. फाइल पुन्हा ॲड करून एकदाच परत चालवावं. दुसऱ्यांदाही फेल्ड आलं तर थांबून संदेश जसाच्या तसा दाखवावा. नो-व्हेरिफाय वापरू नये. न बदललेल्या फाइलींना हात लावू नये. सेटिंग टॉमलमध्ये आहेत, इथे लिहू नयेत.'

आज सकाळी चादरीच्या साइजचा एक बदल दिला. पहिल्यांदा फेल्ड, पुन्हा ॲड, पास. डिफ दोन फाइलींचा.

फक्त शेवटी एजंटसाहेबांनी सुचवलंय, की एचएसएनच्या तक्त्यावरची एफएमटी ऑफ कॉमेंट अनावश्यक दिसते, काढू का? तिच्याशेजारी आता कारण लिहितोय.