मदत हवी आहे: कच्छच्या टुरिटेला शंखाची जात कशी ठरवायची?

नमस्कार मंडळी, मी बडोद्याची, जिऑलॉजीत एमएस्सी करतेय. कच्छच्या मायोसीन (साधारण २.३ कोटी ते ५० लाख वर्षांपूर्वीच्या) थरांतले टुरिटेला या समुद्री गोगलगायीचे बरेच जीवाश्म शंख माझ्याकडे आहेत, तेच ते उंच निमुळते, आणि त्यांचं वर्णन मला खरंच नीट करायचंय. प्रश्न असा की ब्रिटिश अभ्यासक सॉवर्बीने १८४०मध्ये कच्छमधूनच टुरिटेला अँगुलाटा ही जात वर्णन केली, तिचा ठळक कंगोरा माझ्या शंखांच्या मोठ्या वेढ्यांवर दिसतो पण टोकाकडच्या लहान वेढ्यांवर दोन सारख्याच रेघा आहेत, मग ही वेगळी जात की वाढीबरोबर होणारा बदल? नुसत्या नक्षीवर विसंबता येत नाही, जीवाश्म अभ्यासक मारविकने १९५७मध्ये टुरिटेलाच्या कुळासाठी रेघा कुठल्या क्रमाने उमटतात आणि वाढरेषा (शंख वाढताना तोंडाच्या कडेची राहिलेली खूण) कशी वळते हे बघितलं, आणि मला तेच पटतं. पण रेघांचा क्रम जिथून सुरू होतो ते अगदी टोक एकाही नमुन्यात शाबूत नाही, तोंडाची कडही तुटलीय. वाढरेषेचं वळण मधल्या वेढ्यांवरून मोजलेलं चालेल का? फोटो अमोनियम क्लोराईडचा पांढरा थर देऊन घेतेय, त्यात रेघा छान उठतात. आणि जात नवीन निघालीच तर होलोटाइप (नव्या जातीचा प्रमाण म्हणून ठरवलेला एक नमुना) द्यावाच लागेल, तो असा अर्धवट शंख असला तर चालतो का? कोणी टुरिटेलावर काम केलं असेल तर प्लीज सांगा, फोटो कमेंटमध्ये टाकते.