फोटोतल्या माणसांच्या पाठीमागचा गोवा

घरातला जुना फोटो हातात आला की आपण आधी माणसे ओळखतो. ही आजी, हा धाकटा काका, ही मोठी आत्या. त्यांच्या पाठीमागे काय उभे आहे, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि या चर्चेच्या धाग्यासाठी नेमके तेच हवे आहे. गोव्यातल्या चर्चची, किल्ल्यांची आणि समुद्रकिनाऱ्यांची छायाचित्रे पुष्कळ आहेत. परंतु वाडीवरची पायवाट, फेरीचा धक्का, शाळेची पडवी, बाजारातला कोपरा यांचे चित्र घ्यायला मुद्दाम कोणी गेले नाही. ती सगळी आपल्या घरगुती फोटोंच्या कडेला, नकळत टिपली गेली आणि तिथेच टिकली. म्हणून प्रत्येकाने आपल्या घरचा एखादा फोटो निवडावा, गाव कोणते, फोटो कोणत्या प्रसंगाचा, मागे काय दिसते आणि आज त्या जागी काय आहे, हे गावाच्या नावाखाली सविस्तर लिहावे.

साल ठाऊक नसेल तर ते फोटोतच शोधता येते. गाडीच्या क्रमांकाची सुरुवात ‘जीडी’ने होत असेल तर फोटो १९६१ च्या गोवा मुक्तीनंतरचा आणि ‘जीए’ येण्याच्या आधीचा धरायला हरकत नाही. दुकानाची पाटी पोर्तुगीज भाषेत असेल तर तो १९६१ च्या अलीकडचा नसण्याचीच शक्यता अधिक. एक विनंती कळकळीची आहे: फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नये, मऊ शिसपेन्सिलने कडेला लिहावे, चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नये, पानासकटच स्कॅन करावा, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात अल्बम ठेवू नये, कारण बुरशी एकदा चेहऱ्यावर चढली की ती पुसताना चेहराही जातो. सर्वांत आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून नावे विचारून घ्यावीत.

कुर्डी, सांगे

माझे आईवडील दोघेही कुर्डीचे. साळावली धरणासाठी जी गावे उठवावी लागली त्यांत आमचे गाव होते, आणि आमच्या घरच्यांना वालकिणीच्या वसाहतीत जागा मिळाली. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः गावात आले होते आणि धरणाचे पाणी सगळ्या दक्षिण गोव्याच्या उपयोगी पडेल असे त्यांनी सांगितले होते, ही आठवण आमच्याकडचे वृद्ध अजून सांगतात. माझ्या पिढीने गाव नांदते असे पाहिलेच नाही.

आमच्याकडे आत्याच्या लग्नाचा एक फोटो आहे. मांडवात आत्या बसलेली आहे, भोवती बायकांची दाटी आहे, आणि मांडवाच्या उघड्या बाजूने शेजारच्या घराचे चिऱ्यांचे जोते, चार पायऱ्या आणि अंगणातले तुळशीवृंदावन दिसते. मे महिन्यात जलाशयाचे पाणी ओसरते आणि काही आठवडे गाव वर येते, हे बहुतेकांना ठाऊक असेल. त्या दिवसांत सोमेश्वराच्या उत्सवाला आमची माणसे जमतात, ख्रिस्ती कुटुंबे आपल्या चॅपलच्या जागी प्रार्थनेला येतात. एका वर्षी आम्ही हा फोटो सोबत नेला. सुकून भेगाळलेल्या गाळात नुसती जोती उरली आहेत, आणि सगळी सारखीच दिसतात. आईने फोटोतल्या पायऱ्या मोजल्या, मग एकेका जोत्यापाशी जाऊन पायऱ्या मोजत राहिली. चार पायऱ्या आणि त्यांच्या उजव्या हाताला वृंदावनाचा चौथरा अशी जागा सापडली, तेव्हा ती तिथून पाठमोरी वळली, काही पावले चालली आणि म्हणाली, “मांडव हांगा आशिल्लो” (मांडव इथे होता). आमच्या घराची जागा आम्हाला शेजाऱ्याच्या घराने दाखवली.

गावातले कदंबकालीन महादेव मंदिर एकेक दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारण्यात आले, आणि ते आज कोणीही जाऊन पाहू शकतो. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या, त्यामुळे गावाचे नाव संगीताच्या जगात कायमचे राहील. घरे मात्र कोणी हलवली नाहीत. कुर्डीच्या कोणाकडे गावातला कोणताही फोटो असेल, त्यात माणसे ओळखीची नसली तरी, त्याने तो इथे जरूर द्यावा. शेजारच्या जोत्यांची नावे आम्हाला अजून लावायची आहेत.

बेती, बार्देश

आमच्या घरी पणजीच्या धक्क्यावर काढलेले दोन फोटो आहेत. पहिल्यात आजोबा धोतर, कोट आणि काळी टोपी अशा पोशाखात उभे आहेत आणि मागे मांडवीत एक लाँच आहे, जिला आमच्याकडे गाझोलीन म्हणत. नदीवर तेव्हा पूल नव्हता. तो १९७० मध्ये झाला. दुसरा फोटो रंगीत आहे आणि त्याचे रंग आता तांबूस पडले आहेत. त्यात माझा थोरला भाऊ शाळेचे दप्तर पोटाशी धरून, रेनकोट घालून उभा आहे. मागे फेरीबोटीत माणसे इतकी दाटली आहेत की कठडा दिसत नाही, आणि आणखी मागे पावसाच्या धुरकट उजेडात पुलाचा तुटलेला भाग दिसतो.

जुलै १९८६ मध्ये तो पूल कोसळला. पणजीला नोकरीस आणि शाळेत जाणाऱ्या आम्हा पलीकडच्या माणसांचे सगळे दिवसमान पुन्हा नदीच्या हाती गेले. पहाटेचा डबा आणखी लवकर होऊ लागला, भरतीओहोटीची भाषा मुलांच्या तोंडी आली आणि आजोबांनी ‘आमच्या वेळी’ म्हणून सांगितलेल्या गोष्टी आम्ही स्वतः करू लागलो. नवा पूल १९९२ मध्ये खुला झाला. आज त्याच धक्क्यावरून फोटो काढला तर २०१९ साली सुरू झालेला अटल सेतू चौकटीचा वरचा भाग व्यापून टाकतो, आणि खाली बेतीची फेरी अजून चालू असते.

अंत्रुज महाल, फोंडा

आमच्या गावच्या देवळात जत्रेला मराठी नाटक करण्याची परंपरा फार जुनी आहे. कला अकादमी १९७० मध्ये स्थापन झाली आणि पुढे तिच्या स्पर्धांनी नाटकाला वेगळे वळण दिले. हा फोटो त्याच्या आधीचा आहे. ऐतिहासिक नाटकाची सगळी पात्रे प्रयोग संपल्यावर रंगमंचावर ओळीने उभी आहेत. राजाच्या वेषात माझे आजोबा आहेत. राणी म्हणून उभा असलेला तरुण गावातला शिंपी असून त्याने नेसलेले नऊवारी लुगडे आमच्या पणजीआजीच्या ट्रंकेतले आहे, असे घरात सांगतात. डाव्या कडेला टांगलेल्या गॅसबत्तीचा झोत इतका प्रखर आहे की तिच्या शेजारच्या सरदाराचा अर्धा चेहरा पांढरा पडला आहे.

मला अधिक मोलाचा वाटतो तो मागचा पडदा. त्यावर राजवाडा रंगवलेला आहे, आणि तो रंगवणाऱ्या स्थानिक कलाकाराने महालाच्या कमानी आमच्याकडच्या जुन्या वाड्यांच्या बाल्कांवासारख्या, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या पडवीसारख्या, काढल्या आहेत. खिडक्यांना शिंपल्यांची तावदानेसुद्धा आहेत. दख्खनच्या राजाचा दरबार पाहताना गावकऱ्यांनी आपल्याच शेजारची भाटकाराची (जमीनदाराची) खिडकी पाहिली असणार. जंगल, रस्ता आणि राजवाडा असे तीन पडदे देवस्थानाच्या खोलीत गुंडाळून ठेवलेले असत. त्यांतला एकही आता नाही. एका पडद्याचा निम्मा भाग या फोटोत आहे, तेवढाच.

आणखी एक गोष्ट मला खटकते आणि ती लिहिलीच पाहिजे. फोटोच्या पाठीवर शाईने सर्व पात्रांची नावे आहेत, भूमिकांसह. खाली, रंगमंचाच्या कडेला, हार्मोनियमवर एक आणि तबल्यावर एक असे दोघे बसलेले आहेत. त्यांची नावे नाहीत. ज्यांच्या सुरावर आणि ठेक्यावर रात्रभर पदे म्हटली गेली, त्यांना नोंदीत जागा मिळाली नाही, आणि हे केवळ विसरण्यातून झाले असे मला वाटत नाही. गावात कोणाला नाव लिहिण्याजोगे मानत आणि कोणाला नाही, हे त्या शाईत स्पष्ट वाचता येते. गावच्या नव्वदीतल्या एका आजींनी तबलजींना ओळखले आणि त्यांच्या नातवंडांना फोटोची प्रत पोहोचली. हार्मोनियमवर कोण होते, त्याचा शोध चालू आहे.

म्हापसे

शुक्रवारच्या बाजारातला एकच फोटो आमच्याकडे आहे. मावशी छत्री उघडून उभी आहे, म्हणजे मे महिन्याचे ऊन असावे, आणि तिच्या मागे पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, सगळी खरेदी मांडलेली दिसते: सुक्या मिरच्यांचे ढीग, सोले, सुकी मासळी, मातीची भांडी, दोरीला लटकवलेली मयडे गावची केळी. पावसाळ्याची बेगमी घरात भरण्याची ती पद्धत पुष्कळ घरांतून गेली. बाजार मात्र त्याच वारी भरतो.

कुळे

फेरी आणि पुलाचे फोटो आले, म्हणून रेल्वेचा देतो. माझे काका बेळगावला शिकत होते आणि सुटीत रेल्वेने घरी येत. कुळ्याच्या फलाटावर ते लोखंडी ट्रंकेवर बसलेले आहेत आणि मागे पोर्तुगीज गणवेशातला एक शिपाई दुसऱ्या कोणाची तरी ट्रंक उघडून पाहत आहे. कॅसलरॉकला भारताची तपासणी आणि कुळ्याला पोर्तुगिजांची, असा तो प्रवास होता. १९५५ मध्ये सीमेवरची वाहतूक बंद झाली आणि मुक्तीपर्यंत ती गाडी आली नाही, म्हणून हा फोटो त्याच्या आधीचा हे निश्चित सांगता येते.

डिचोली

शिरगावच्या परिसरातल्या शाळेचा आमच्या वर्गाचा फोटो देत आहे. पुढच्या ओळीत मुले मांडी घालून बसली आहेत, मागे बाकावर शिक्षक, आणि त्यांच्याही मागे एक हिरवी टेकडी आहे. वर्गात किती मुले होती हे आज कोणी विचारत नाही. ज्याला हा फोटो दाखवतो तो टेकडीवर बोट ठेवतो, कारण ती आता नाही. पन्नासच्या दशकापासून गोव्याचे लोहखनिज मुरगाव बंदरातून जपानला जाऊ लागले, आणि आमच्या तालुक्यातल्या टेकड्या ट्रकांतून बार्जवर आणि बार्जवरून जहाजावर चढल्या. त्या टेकडीच्या जागी आज खोल खड्डा आहे आणि त्यात हिरवट पाणी साचलेले असते. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा ज्या घरांची चूल ट्रकवर चालत होती त्यांचे हाल झाले, हेही मी जवळून पाहिले आहे, आणि माझ्या वर्गातले कितीतरी जण त्यांत होते. टेकडीवर चुरनां आणि करवंदे खायला आम्ही जात असू. तिथला एक झरा शेतांपर्यंत उतरत असे. शासनाच्या नकाशावर टेकडीची उंची सापडेल. तिचा आकार मात्र या वर्गाच्या फोटोतच आहे.

गिरगाव, मुंबई

आमचे कुटुंब आजोबांच्या वेळी गोव्यातून मुंबईला आले आणि गावाशी संबंध फारसा उरला नाही. आजीचा एक फोटो सोबत दिला आहे. ती देवळाच्या प्राकारात उभी आहे, मागे पांढरा दीपस्तंभ आहे. घरात सर्वजण हे मंगेशीचे देऊळ असे म्हणत आले आहेत. फोटोच्या पाठीवर काहीही लिहिलेले नाही. कोणी खात्रीने सांगू शकेल का?

गिरगावच्या ताईंना उत्तर, मार्दोळहून

ताई, मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ प्रसिद्ध आहे, म्हणून तसे वाटणे साहजिक आहे. परंतु आपल्या आजींच्या उजव्या खांद्यामागे, अगदी कडेला, एक उंच, निमुळती, धातूची समई दिसते आहे. ती थोडी मोठी करून पाहिल्यास एकावर एक चढत गेलेली कडी दिसतील आणि तळाशी कासव दिसेल. एकवीस कड्यांची ही पितळी समई मार्दोळच्या महालसा देवीच्या प्रांगणात आहे. मंगेशीपासून हे देऊळ अगदी जवळ असल्यामुळे दोन्ही देवदर्शने एकाच दिवशी होतात, आणि घरच्या आठवणीत मंगेशीचे नाव राहिले असावे. आपली कुलदेवता महालसा आहे का, हे घरच्या देव्हाऱ्यात किंवा लग्नपत्रिकांत पाहावे. तसे असल्यास मूळ गाव शोधणे पुष्कळ सोपे होईल. येत्या रविवारी मी आजी उभ्या आहेत त्याच जागेवरून फोटो काढून इथे देतो. तोवर आपण प्रतीच्या पाठीवर, वरच्या कोपऱ्यात, पेन्सिलने ‘मार्दोळ’ एवढे लिहून ठेवावे.