मदत हवी आहे: सर्दी गेली पण नाक चोंदलेलंच, रात्रीची झोप उडालीये

घाटावरचा
नमस्कार मंडळी. गौरी-गणपतीच्या धावपळीत सर्दी झाली ती अजून पिच्छा सोडत नाहीये. आधी नुसतं पाणी गळत होतं, शिंका, घशात खवखव, मग शेंबूड हिरवट-पिवळा झाला, आता गळत काहीच नाही पण नाक ठार बंद. दिवसा कसंबसं निभतं, आडवं झालं की संपलं. कधी डावी नाकपुडी बंद कधी उजवी. तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा पडतो आणि मध्यरात्री उठून बसावं लागतं. मित्र म्हणाला हिरवं म्हणजे इन्फेक्शन, म्हणून मेडिकलमधून अँटीबायोटिक आणून कोर्स केला, काडीचा फरक नाही. आई म्हणते गोळ्या खाऊन सर्दी दाबलीस, ती आत सुकली. माझे दोनच प्रश्न. दुसरं जास्त पॉवरचं अँटीबायोटिक घ्यावं का, आणि शरीर स्वतःहून ही सर्दी बाहेर का काढत नाहीये, प्रतिकारशक्ती कमी झालीये का? घटस्थापनेपासून आमच्या मंडळाचं रोज भजन आहे, गायला मी आहे, त्यामुळे प्लीज लवकर सांगा. काढे वगैरे सगळं करून झालंय.

गवतीचहा
काढे केले म्हणताय पण कसले? बाजारातल्या पावडरीचा उपयोग नाही. गवती चहा, आलं ठेचून, चार मिरी, दोन लवंगा, तुळशीची पानं, ज्येष्ठमधाची कांडी, हे सगळं चार कप पाण्यात टाकून एक कप होईपर्यंत आटवायचं, गूळ शेवटी. सकाळ-संध्याकाळ गरम गरम घ्या. झोपताना ओवा तव्यावर भाजून फडक्यात पुरचुंडी बांधून हुंगा. आमच्या घरी सर्दीला गोळी आणलीच जात नाही.

मुळशीकर
वय काय? ताप होता का? गालाची हाडं, कपाळ, वरचे दात दुखतात का, खाली वाकल्यावर चेहरा जड होतो का? वास येतो का? आणि गणपतीत म्हणजे आधी की नंतर? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार.

घाटावरचा
वय ४३. ताप पहिल्या दिवशी कणकण, नंतर नाही. चेहरा दुखत नाही. वास फारसा येत नाही कारण नाकच बंद आहे. गणपती बसायच्या आधी सुरू झाली, आता पितृपंधरवडा संपत आलाय. अँटीबायोटिकचं सांगा ना कोणीतरी.

तुरीची_डाळ
डी जीवनसत्त्व तपासलंत का? माझं ११ होतं, सारखी सर्दी व्हायची. बी १२ पण करून घ्या, शाकाहारी असाल तर कमी निघण्याची शक्यता जास्त. आणि व्हिटॅमिन सी रोज हजारची गोळी, लायनस पॉलिंग नावाच्या दोन नोबेल मिळालेल्या माणसाने सांगितलंय.

मुळशीकर
पॉलिंगने १९७० मध्ये सांगितलं आणि त्यानंतर त्यावर भरपूर चाचण्या झाल्या. रोज सी घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी साधारण ८ टक्के लवकर आटपते, म्हणजे आठवड्यातला अर्धा दिवस वाचतो. सर्दी झाल्यावर सुरू करून ठोस फायदा दिसलेला नाही. नोबेल मिळालं म्हणून सगळं बरोबर होत नाही.

तुरीची_डाळ
मला फरक पडला, मी माझा अनुभव लिहिलाय. आवळा खाऊन कोणाचं वाईट झालंय का.

फुलपुडी
मी नर्सिंग कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवते म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण अँटीबायोटिकचा प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय.

नाही, घेऊ नका. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, त्यात सगळ्यात जास्त वेळा रायनोव्हायरस, आणि अँटीबायोटिक जिवाणूंवर चालतं. रायनोव्हायरसला ३३ अंशाच्या आसपासचं तापमान मानवतं आणि आपलं नाक शरीराच्या मानाने थंड असतं, म्हणून तो तिथेच मुक्काम करतो. पण तो नाकाचं अस्तर फारसं उद्ध्वस्त करत नाही. तुम्हाला जो त्रास होतो त्यातला बराचसा तुमच्याच शरीराच्या लढाईचा असतो. विषाणू ज्या पेशीत शिरला ती पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते, त्याच सुमाराला ब्रॅडिकायनिन, प्रोस्टाग्लँडिन अशी रसायनं सुटतात, त्यांनी रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाझरायला लागतात, ते तुमचं पहिल्या दोन दिवसांचं पाणी. घशाची खवखव पण त्यातूनच. मग पांढऱ्या पेशी हजारोंनी नाकात उतरतात. त्यातल्या न्यूट्रोफिल पेशींमध्ये मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, त्यात लोह असतं आणि त्याचा रंगच हिरवा आहे. तुमचा शेंबूड हिरवा झाला तो त्यामुळे, नुसत्या रंगावरून जिवाणूंचं इन्फेक्शन ठरवता येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त असतो, मग अँटिबॉडी तयार होतात आणि सात ते दहा दिवसांत बहुतेकांचं आटपतं. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो.

प्रतिकारशक्तीचं म्हणाल तर ज्याला सणसणीत सर्दी झाली त्याची प्रतिकारशक्ती काम करतेय म्हणूनच झाली. रायनोव्हायरसचे १६० च्या वर प्रकार आहेत, एकाविरुद्धच्या अँटिबॉडी दुसऱ्याला सहसा पुरत नाहीत, म्हणून चांगल्या धडधाकट माणसालाही वर्षातून दोन-तीन वेळा सर्दी होते आणि लहान मुलांना सहा-आठ वेळा.

आता तुमचं. गळणं थांबलं, ताप नाही, चेहरा दुखत नाही, म्हणजे सर्दी शरीराने केव्हाच निस्तरलेली दिसतेय. मग नाक का बंद आहे हा वेगळा प्रश्न आहे. अँटीबायोटिक सोडून काय काय घेताय ते सगळं लिहा.

आजोळ
फुलपुडीताई, सगळं पटलं पण आई म्हणतात ते खोटं नाही. सर्दी वाहू द्यावी. आमच्या सासूबाईंच्या माहितीत एकाने गोळ्यांनी सर्दी दाबली आणि पुढे दमा लागला. शरीर काहीतरी बाहेर टाकतंय तर टाकू द्यावं.

फुलपुडी
गोळीने दमा होत नाही. ज्याला आधीपासून दम्याची प्रवृत्ती असते त्याला सर्दीच्या विषाणूने ॲटॅक येतो, आणि त्याच वेळी गोळी घेतलेली असते म्हणून लोक तिच्यावर ढकलतात. विषाणू काही शेंबडातून गाळून बाहेर जात नाही, त्याला पेशी आणि अँटिबॉडी मारतात. पण एक गोष्ट खरी, जुन्या पद्धतीच्या गोळ्यांनी म्हणजे क्लोरफेनिरामिन वगैरे असलेल्यांनी स्राव घट्ट होतो आणि ओढल्यासारखं वाटतं, झोपही येते. सुकली म्हणतात ते बहुधा हे.

गवतीचहा
म्हणूनच काढा.

योगेश्वरी७
सगळ्यांना सोडून एकच सांगते, जलनेती. तोटीचं भांडं घ्या, कोमट पाण्यात मीठ, एका नाकपुडीतून घालून दुसरीतून काढा. मला कित्येक वर्षं सर्दी नाही. नळाचं पाणी फिल्टर केलेलं चालतं.

मुळशीकर
चालत नाही! पाणी उकळून गार केलेलंच हवं. नाकावाटे मेंदूत जाणारा नेग्लेरिया नावाचा अमिबा असतो, फार दुर्मिळ आहे पण झाला तर माणूस बहुतेक वाचत नाही. कृपा करून इथे वाचून कोणी नळाचं पाणी घालू नका.

योगेश्वरी७
घाबरवू नका लोकांना. आमच्या वर्गात शेकडो लोक करतात.

मुळशीकर
नेती करू नका असं मी म्हणत नाहीये, मी पण करतो. पाणी पाच मिनिटं उकळायला काय जातं?

घाटावरचा
भांडण नको. औषध काही विशेष नाही. सर्दीची ती कॉमन गोळी सकाळ-रात्र, पॅरासिटामॉल असलेली. नाकात झोपताना ड्रॉप्स. बाकी काही नाही.

फुलपुडी
कुठले ड्रॉप्स? मिठाच्या पाण्याचे की औषधाचे? बाटलीवर झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीन लिहिलंय का? कधीपासून?

टेम्सकाठी
मी इंग्लंडात असतो, इथून जवळ सॉल्झबरीला १९४६ पासून सर्दीवर संशोधन करणारं केंद्रच होतं, कॉमन कोल्ड युनिट. लोक तिथे स्वयंसेवक म्हणून राहायला जायचे, नाकात विषाणूचे थेंब टाकून बघायचे कोणाला सर्दी होते. १९६५ मध्ये तिथल्या टिरेल आणि बायनो यांना सर्दी झालेल्या एका मुलाच्या नमुन्यात जो नवीन विषाणू मिळाला तो पुढे कोरोनाव्हायरस ठरला. लोकांना गरम पाण्याने आंघोळ घालून ओल्याने गार वाऱ्यात उभं केलं तरी सर्दी वाढली नाही असंही त्यांना दिसलं होतं. चाळीसेक वर्षं चाललं पण औषध सापडलं नाही. फार वाचण्यासारखं आहे.

आजोळ
मग थंडीने सर्दी होत नाही? पावसात भिजल्यावर हमखास होते हो.

टेम्सकाठी
कार्डिफला २००५ मध्ये उलटं पण निघालं. १८० लोकांपैकी निम्म्यांचे पाय २० मिनिटं थंड पाण्यात ठेवले, पुढच्या काही दिवसांत त्यांच्यात सर्दीची तक्रार जास्त आली. म्हणजे विषाणू आधीच नाकात असेल तर गारठ्याने त्याचं फावतं असा एक अंदाज आहे.

घाटावरचा
झायलोमेटाझोलीन लिहिलंय, ०.१ टक्के. सर्दी झाल्यापासूनच टाकतोय, आधी रात्री एकदा, आता मध्यरात्री उठल्यावर परत आणि क्लासला जायच्या आधी सकाळी. टाकले की दोन मिनिटांत मोकळं होतं म्हणून तर टाकतो. पण आता दोन-तीन तासच टिकतं. ते काही औषध नाही ना, पोटात जात नाही. आणि बीपीची गोळी चालू आहे, ती जुनीच आहे, तिचा संबंध नाही.

फुलपुडी
संबंध आहे, दोन्हीचा आहे. नीट वाचा.

नाक बंद होतं ते शेंबडाने कमी आणि सुजेने जास्त. नाकाच्या आत बाजूच्या भिंतींवर मांसल उंचवटे असतात, त्यात शिरांचं जाळं असतं, रक्त भरलं की ते स्पंजासारखे फुगतात आणि वाट अडते. ते ड्रॉप्स या शिरा आवळतात, म्हणून दोन मिनिटांत मोकळं वाटतं. पण चार-पाच दिवसांच्या वर सतत टाकले की शिरांना त्याची सवय होते, असर उतरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात, मग तुम्ही परत टाकता. तुम्ही लिहिलेला टिकण्याचा वेळ कमी होत जाणं हीच त्याची खूण. म्हणजे सर्दी बरी झालीये, आता नाक बहुतेक ड्रॉप्समुळे बंद होतंय. असले ड्रॉप्स पाच दिवस, फार तर सात, याच्या पुढे नकोच.

दुसरं, सर्दीच्या त्या गोळीत बहुतेक वेळा फिनाईलएफ्रिन असतं. बीपीवाल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नसतं, आणि पोटातून घेतल्यावर नाक मोकळं करायला ते प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा, चांगलं नाही असं २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेच्या, सल्लागार समितीनेच म्हटलं. ती गोळी आजच बंद करा. ड्रॉप्सनेही बीपी वाढू शकतं, घरी मशीन असेल तर मोजा.

मुळशीकर
हेच झालं होतं माझ्या भावाला. कान-नाक-घसावाल्यांनी स्टिरॉइडचा नाकात मारायचा स्प्रे दिला आणि एका नाकपुडीतले ड्रॉप्स आधी बंद करायला लावले, दुसरीत चालू, म्हणजे रात्री एका बाजूने तरी श्वास मिळतो. ती सुटली की मग दुसरी. पहिले काही दिवस वाईट गेले, आठवडा-दोन आठवड्यांत सुटलं. पण स्प्रे मनाने आणू नका, दाखवा.

तुरीची_डाळ
स्टिरॉइड?? एकदा लागलं की सुटत नाही ते.

फुलपुडी
नाकातल्या स्प्रेचा डोस अगदी कमी असतो आणि तो तिथल्या तिथे काम करतो, पोटातल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांशी त्याची तुलना करू नका. सवय लागलीये ती ड्रॉप्सची.

घाटावरचा
मग एवढे दिवस मेडिकलवाला का देत होता? बरं ते जाऊ दे. घटस्थापनेपर्यंत मोकळं होईल का ते सांगा. आणि दोन्ही नाकपुड्या आळीपाळीने का बंद होतात, हाडाचा प्रॉब्लेम आहे का?

फुलपुडी
आळीपाळीने होणं नॉर्मल आहे. सगळ्यांचंच नाक काही तासांनी बाजू बदलतं, एकीकडच्या शिरा भरतात तेव्हा दुसरीकडच्या ओसरतात, एरवी जाणवत नाही, सूज असली की जाणवतं. ज्या कुशीवर झोपाल ती खालची नाकपुडी बंद होणार. उशी एक जास्त घ्या, डोकं उंच ठेवा. मिठाच्या पाण्याचे साधे ड्रॉप्स कितीही वेळा टाकता येतात, ते मेडिकलमध्ये वेगळे मिळतात. घटस्थापनेपर्यंत पूर्ण मोकळं होईल असं मी सांगणार नाही, पण आज बंद केलेत तर नवरात्र संपेपर्यंत बराच फरक पडायला हवा. सुरुवातीचे दिवस दुसऱ्या कोणाला गायला सांगा, तोंडाने श्वास घेऊन कोरड्या घशाने गाल तर आवाज बसेल. आणि ईएनटीला दाखवाच, नाकाचा पडदा वाकडा आहे की पॉलिप म्हणजे आत मऊ गाठ आहे की ॲलर्जी ते आत बघितल्याशिवाय कळत नाही.

घाटावरचा
उद्याची अपॉइंटमेंट घेतली. उजव्या बाजूचे ड्रॉप्स काल रात्रीपासून बंद, झोप जेमतेम झाली पण डावीने श्वास मिळाला. बीपी १४८/९४ आलं, बीपीची गोळी सुरू झाल्यापासून १३० च्या वर जात नव्हतं. सर्दीची गोळी थांबवली. वाफ घेतली तर चालेल का, आईने पातेलं चढवलंय.

मुळशीकर
चालेल, बरं वाटेल पण त्याने सुटणार नाही. पातेलं टेबलावर ठेवून घ्या, मांडीवर नको, आणि पोरांना जवळ येऊ देऊ नका, भाजण्याच्या केसेस त्यातूनच येतात. बीपीचा आकडा उद्या डॉक्टरांना सांगा, ड्रॉप्सचं पण सांगा, विचारतीलच असं नाही.

योगेश्वरी७
उकळून गार केलेल्या पाण्याने नेती चालू करा, मी पण आता उकळूनच घेणार आहे.

पिवळी_जर्द
धागा वाचला. गवतीचहा, त्या काढ्यात मधुमेह असेल तर गुळाऐवजी काय घालायचं? आणि नातवाला दिला तर चालेल का, अकरा महिन्यांचा आहे.

गवतीचहा
गूळ नका घालू, ज्येष्ठमधाची गोडी पुरते.

मुळशीकर
ज्येष्ठमध पण रोज नको, त्याने बीपी वाढतं, घाटावरचा तुम्ही पण लक्षात ठेवा.

फुलपुडी
अकरा महिन्यांच्या बाळाला काढा नको, मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाका, दूध थोडं थोडं पण वरचेवर पाजा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा दूध ओढत नसेल तर आत्ताच डॉक्टरकडे न्या. ताप आहे का त्याला?