सेंबुंगनची थंडी आणि बटाटा

विषुववृत्ताजवळचं गाव, तिथे पिकाला थंडीची कसली भीती, हे म्हणणं जावामधल्या सेंबुंगनला लागू होत नाही. डिएंग पठारावरचं हे गाव २,००० मीटरपेक्षा उंच आहे. जुलै-ऑगस्टात आभाळ निरभ्र असलं की रात्री दव गोठतं, सकाळी बटाट्याची पानं पांढरी दिसतात आणि ऊन चढलं की करपून काळी पडतात.

बटाट्याने पैसा आला हे मान्य. पण पाणी साचून बटाटा सडू नये म्हणून सऱ्या उताराच्या दिशेनेच काढतात, त्यामुळे पावसात माती थेट खाली जाते आणि सेरायू नदीवरच्या म्रिचा धरणात गाळ साठतो. त्यापेक्षा बांधावरची कारिका, म्हणजे डोंगरी पपई, वाढवायला हवी. तिच्या पाकातल्या फोडींना गिऱ्हाईकही आहे.