मदत हवी आहे: मुंबईच्या पावसाळ्यात कंडेन्सर ड्रायर की हीट पंप?

नमस्कार मंडळी. मुलुंडला वन बीएचकेमध्ये राहते. सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे पावसाळ्यात घरभर ओले कपडे वाळत घालणं आता बंदच करायचंय. बाहेरच्या भिंतीला भोक पाडायला सोसायटीची परवानगी नाही, म्हणजे दमट हवा पाइपने बाहेर सोडणारा व्हेंटेड ड्रायर बाद.

साध्या कंडेन्सरमध्ये ड्रममधली गरम, दमट हवा हीट एक्स्चेंजरमधून (दोन हवा न मिसळता एकीची उष्णता दुसरीला देणारा भाग) जाते. त्याच्या दुसऱ्या बाजूने खोलीतली हवा फिरते, वाफेचं पाणी होऊन टाकीत साचतं आणि तीच हवा पुन्हा तापून ड्रममध्ये येते. म्हणजे थंडावा खोलीच्या हवेकडूनच मिळणार! २० अंशांच्या खोलीत ते ठीक, पण आपल्याकडे जुलैतही खोली ३० अंशांच्या आसपास असते. शिवाय हीटरची बहुतेक उष्णता शेवटी घरातच सुटणार, ही माझी मोठी काळजी.

हीट पंपमध्ये हवा थंड करायचं काम रेफ्रिजरंट (फ्रिज-एसीत असतो तसला गॅस) करतो आणि शोषलेली उष्णता पुन्हा हवा तापवायला वापरतो. वीज साधारण निम्मी, कपड्यांनाही कमी ताप. पण किंमत जास्त, वेळही जास्त.

मुंबई-ठाण्यात कुणी साधा कंडेन्सर वापरतंय का? बंद ड्राय बाल्कनीत ठेवला तर पाणी नीट जमतं का, की कपडे दमटच निघतात? हीट पंपवाल्यांनो, आतल्या कॉइलवर लिंट (कपड्यांचे बारीक तंतू) साचतं ते घरी साफ करता येतं का, की दरवेळी मेकॅनिक बोलवावा लागतो? पाण्याचा पाइप थेट मोरीत सोडलाय कुणी? गणपतीच्या आधी घ्यायचाय, अनुभव जरूर सांगा.