रचलेला सिनेमा सत्तेबद्दल खरं बोलतो का?

कडीकोयंडा:
सत्ता कशी चालते हे मला बातम्यांपेक्षा काल्पनिक सिनेमांतून जास्त कळलं. बातमी दाराबाहेर ताटकळते, निर्णय आत होतो. 'सिंहासन'मधला (1979) मुख्यमंत्री बंड मोडतो तेव्हा ना गोळी सुटते ना कुणी तुरुंगात जातं. कोणाला काय हवंय हे त्याला नेमकं ठाऊक असतं, बस.

त्याहून भारी 'कोर्ट' (2014). लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात जीव दिला. सरकारी वकीलबाई कायद्यातले लांबलचक उतारे रेल्वेच्या उद्घोषणेसारखे वाचून दाखवतात. राग नाही, द्वेष नाही. संध्याकाळी लोकल पकडून घरी जातात, स्वयंपाकाला लागतात. न्यायाधीश एका बाईचा खटला ऐकतच नाहीत, कारण तिने बिनबाह्यांचे कपडे घातलेत. अख्ख्या सिनेमात एक खलनायक सापडत नाही, आणि म्हातारा कांबळे तुरुंगाच्या आत-बाहेर करत राहतो. माणसाला गप्प करायला हुकूमशहाच लागतो असं नाही, पुढची तारीखही पुरते. हे कुठल्या अहवालात इतकं अंगावर आलंय?

तिरपागडा:
साफ असहमत. तुम्ही सोयीची उदाहरणं घेतलीत. 'द लाइव्ह्ज ऑफ अदर्स' (2006) घ्या. पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्त पोलिसांचा एक अधिकारी एका नाटककाराच्या घरातलं बोलणं चोरून ऐकतो, विरघळतो, खोटे अहवाल लिहून त्याला वाचवतो. सिनेमाला ऑस्कर मिळालं. पण श्टाझीच्या बर्लिनमधल्या जुन्या तुरुंगाचं आता स्मारक झालंय, तिथले तेव्हाचे संचालक ह्यूबर्टस क्नाबे यांनी चित्रीकरणाला परवानगीच नाकारली. श्टाझीचा माणूस नायक कसा, हा त्यांचा आक्षेप. ही यंत्रणा एकेकट्याच्या हातात काही ठेवतच नव्हती. कामाचे तुकडे पाडलेले, आणि पाळत ठेवणाऱ्यांवरही पाळत. प्रेक्षक मात्र डोळे पुसत बाहेर येतो तो 'आत एखादा भला माणूस असतोच' हा दिलासा घेऊन. सत्तेला याहून सोयीचं दुसरं काय?

जुनी_फाईल:
तिरपागडांना दुजोरा, आणि थोडं पुढे. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनचा 'ऑक्टोबर' (1928) रशियन क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनासाठी सरकारनेच करवून घेतला. त्यात हिवाळी राजवाड्याच्या फाटकावर माणसांचे लोंढे चढतात. 1917 मध्ये खरा राजवाडा क्रांतिकारकांच्या हाती पडला तो फारशा प्रतिकाराविना. तरी या सिनेमातल्या चौकटी पुढे खऱ्या घटनेची छायाचित्रं म्हणून छापल्या गेल्या! आणि मधल्या काळात क्रांतीचा एक बडा नेता ट्रॉट्स्की मर्जीतून उतरला, तर त्याची दृश्यं कापली गेली. इथे सिनेमा सत्तेला उघडं पाडत नाहीये, तिचा जन्मदाखला लिहून देतोय. अमेरिकेतल्या 'द बर्थ ऑफ अ नेशन'ने (1915) काळ्यांवर हल्ले करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनला नायक केलं आणि त्याच वर्षी ती संघटना पुन्हा उभी राहिली. हाही काल्पनिक सिनेमाच होता हो.

कडीकोयंडा:
प्रचारपट मला माहीत आहेत. पण सत्ताधाऱ्यांना झोंबतं काय, तेही बघा. आणीबाणीत 'किस्सा कुर्सी का'च्या प्रती आणि निगेटिव्ह जप्त करून नष्ट केल्या गेल्या. त्यात शबाना आझमींनी मुक्या जनतेचं काम केलं होतं, पात्राचं नावच 'जनता'. उघडउघड रूपक, कुठलं गुपित फोडलं नव्हतं. तरी नको झालं.

तिरपागडा:
बंदी म्हणजे सत्याचं प्रशस्तिपत्र नव्हे. रद्दी सिनेमांवरही बंदी येते.

फक्त_वाचक:
एरवी लिहीत नाही, पण 'द बॅटल ऑफ अल्जिअर्स'चं (1966) नाव अजून कसं निघालं नाही? तो अगदी वार्तापटासारखा दिसतो, पण खऱ्या वार्तापटाची एक फूटही त्यात नाही. फ्रेंच राजवटीविरुद्ध लढलेल्या अल्जिरियन बंडखोरांचा खराखुरा नेता सादी यासेफ त्यात स्वतः नेत्याच्या भूमिकेत आहे. समोरचा फ्रेंच कर्नल मॅथ्यू मात्र काल्पनिक, दोन-चार खऱ्या अधिकाऱ्यांवरून बेतलेला. पत्रकार कैद्यांच्या छळाबद्दल छेडतात तेव्हा तो उलटा विचारतो, की फ्रान्सने अल्जिरियात राहावं का? उत्तर 'हो' असेल तर त्यामागून जे येईल तेही पत्करा. बाकी जग सैनिकांकडे बोट दाखवत असताना हा माणूस ते बोट घरी बसलेल्या नागरिकाकडे वळवतो. असा प्रश्न अधिकृत निवेदनात येत नाही. तिथे 'चौकशी सुरू आहे' असं येतं. त्यासाठी कर्नल रचावाच लागला.

जुनी_फाईल:
हा मुद्दा पटला. पण मग खरेपण मॅथ्यूच्या प्रश्नात आहे, घटनांच्या तपशिलात नाही. 'कोर्ट'बद्दलही तेच म्हणेन. 'ऑक्टोबर'मध्ये असा एकही प्रश्न नाही, तिथे सगळी उत्तरंच आहेत.

तिरपागडा:
छान. आता याच सिनेमाची पुढची गोष्ट ऐका. 2003 मध्ये, इराक युद्ध चालू असताना, तो पेंटागॉनमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मुख्यालयात, दाखवला गेला. मॅथ्यूचा प्रश्न तिथल्यांनीही ऐकला असणार. 2004 मध्ये इराकमधल्या अबू घरैब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या छळाचे फोटो बाहेर आले. सिनेमाने सत्तेला नेमकं काय शिकवलं, सांगा बघू.

कडीकोयंडा:
सत्तेने शिकावं असं मी कुठे म्हटलं? मी प्रेक्षकाबद्दल बोलतोय.